वाचकांचे प्रश्न : फाल्कॉमच्या गेममध्ये अडलेल्यांसाठी

निहॉन फाल्कॉम ही कंपनी मासायुकी कातो यांनी १९८१ साली सुरू केली. टोकियोच्या पश्चिम भागातल्या ताचिकावात आधी कॉम्प्युटरचं दुकान होतं, मग गेम आले. १९८४ चा ‘ड्रॅगन स्लेयर’, १९८५ चा ‘झानाडू’, १९८७ चा ‘ईस’ आणि २००४ पासूनची ‘ट्रेल्स’ मालिका ही तिची ठळक कामं. आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे : खूप वेळ लढलो, लेव्हल वाढवल्या, तरी पुढे जाता येत नाही. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. फाल्कॉमच्या गेममध्ये अडलात की लढायांचे तास वाढवू नका. गेमने तुमच्या हातात दिलेलं काहीतरी वापरायचं राहून गेलेलं असतं, ते शोधा. पुढची बरीच उत्तरं त्या शोधाचीच आहेत.

प्रश्न : ईस आणि ट्रेल्स या दोन्ही मालिकांची नावं ऐकली आहेत. पहिल्यांदा कुठला गेम घ्यावा?

तुम्हाला सलग किती वेळ मिळतो त्यावर ठरवा. ईस म्हणजे हातघाईची लढाई. अडोल क्रिस्टिन नावाचा लाल केसांचा भटक्या दर गेममध्ये नव्या प्रदेशात जातो आणि तिथलं प्रकरण तिथेच संपतं. ट्रेल्समध्ये लढाई पाळीपाळीने होते, गावागावांत भरपूर बोलणं असतं, एकेका गेमला चाळीस ते साठ तास सहज लागतात आणि एका गेमची कथा पुढच्यात चालू राहते.

आठवड्याला तीन-चार तासच मिळत असतील तर ईस घ्या, आणि त्यातही ‘द ओथ इन फेल्घाना’ (२००५). १९८९ च्या तिसऱ्या ईसचा हा नव्याने बांधलेला अवतार. दहा-बारा तासांत संपतो, एकही खोली वाया घालवलेली नाही, आणि बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, लढाया अशा आखल्या आहेत की हरताना नेमकं काय चुकलं ते दिसतं. मोकळं बेट, सोबती, मोठी कथा असं काही हवं असेल तर आठवा ईस, म्हणजे ‘लॅक्रिमोसा ऑफ डाना’ (२०१६).

पहिला आणि दुसरा ईस जोडीने खेळायचे असतात, कारण पहिला जिथे संपतो त्याच क्षणी दुसरा सुरू होतो. ‘ईस ओरिजिन’ (२००६) सातशे वर्षं आधीचा असला तरी त्यापासून सुरुवात करू नका. त्यातल्या नावांचं वजन आधीचे दोन खेळल्यावरच कळतं.

अडोलच्या वयानुसार कथेचा क्रम असा लागतो : पहिला, दुसरा, दहावा, चौथा, तिसरा, पाचवा, आठवा, सहावा, सातवा, नववा. क्रमांक आणि काळ यांचा मेळ नाही म्हणून घाबरून जाऊ नका. पहिले दोन सोडले तर कुठलाही आधी खेळला तरी अडत नाही.

प्रश्न : ट्रेल्समध्ये थेट ‘कोल्ड स्टील’पासून सुरुवात केली तर चालेल का? ते दिसायला आधुनिक आहे.

चालेल, पण मोल मोठं द्यावं लागेल. ट्रेल्सचे गेम झेमुरिया नावाच्या एकाच खंडात घडतात आणि प्रदेशाप्रमाणे गट पडतात. लिबर्लमध्ये ‘ट्रेल्स इन द स्काय’चे तीन भाग (२००४, २००६, २००७). क्रॉसबेलमध्ये ‘झिरो’ आणि ‘अझ्युअर’ (२०१०, २०११). एरेबोनियात ‘कोल्ड स्टील’चे चार भाग (२०१३ ते २०१८). मग या तिघांना एकत्र आणणारा ‘रेव्हरी’ (२०२०), आणि त्यानंतर कॅल्वर्डमधली ‘डेब्रेक’ची मालिका (२०२१ पासून).

खरी अडचण क्रॉसबेल आणि कोल्ड स्टील यांच्यात आहे. कोल्ड स्टीलचे पहिले दोन भाग आणि क्रॉसबेलची कथा साधारण एकाच काळात, सरहद्दीच्या दोन बाजूंना घडतात. कोल्ड स्टील दोनच्या शेवटाकडे ‘अझ्युअर’मधल्या घटनांचा परिणाम उघडपणे समोर येतो. आधी कोल्ड स्टील खेळलात तर अझ्युअरचा सगळ्यात मोठा धक्का बोथट होतो. तिसऱ्या भागापासून तर जुन्या पात्रांची रीघच लागते. गेम ती पात्रं मोठ्या थाटात समोर आणतो आणि तुम्हाला ती अनोळखी असतात.

म्हणून आमचा सल्ला : स्काय एक, दोन, तीन, मग झिरो, अझ्युअर, मग कोल्ड स्टील. स्कायचा तिसरा भाग अनेक जण गाळतात, कारण तो एकाच बंदिस्त जागेत फिरतो आणि त्याची रचना दारांची आहे. चंद्राची, ताऱ्याची, सूर्याची अशी दारं उघडायची आणि प्रत्येकामागे एखाद्या पात्राची आठवण किंवा एखादा खेळ. पण क्रॉसबेल आणि एरेबोनियाची बीजं याच दारांत पेरलेली आहेत. या भागाचा नायक केविन ग्रॅहम याची कथा तर आमच्या मते संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत नेटक्या कथांपैकी आहे. ताऱ्याच्या पंधराव्या दारातला प्रसंग लहान मुलांवरच्या अत्याचाराशी संबंधित आणि फार जड आहे. मनाची तयारी करूनच ते दार उघडा.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये स्कायच्या पहिल्या भागाचा नव्याने बांधलेला अवतार आला. जुनं चित्रण नको असेल तर तो बिनधास्त घ्या, कथा तीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, स्कायचा पहिला भाग ऐन मोक्याच्या ठिकाणी संपतो. त्याच रात्री पुढे जायची इच्छा होते, तेव्हा कॉम्प्युटरवरचा जुना दुसरा भाग हाताशी असलेला बरा.

स्काय अजिबातच जमत नसेल तर दुसरं चांगलं दार ‘झिरो’चं. कोल्ड स्टील त्यानंतरचं.

प्रश्न : पहिल्या ईसमध्ये हल्ल्याचं बटणच नाही. राक्षसाला भिडलो की मीच मरतो.

या गेममध्ये अडोल अंगावर धावून जातो आणि तलवार आपोआप लागते. सगळं कौशल्य धडक कुठे बसते यात आहे. शत्रूच्या बरोबर समोरून, मध्यावर धडकलात तर दोघांनाही मार बसतो, आणि सुरुवातीला तुमचं आयुष्य, म्हणजे मार सोसायची शक्ती, त्याच्यापेक्षा कमी असतं. धडक अर्ध्या अंगाने बसवा. तुमची आणि त्याची मध्यरेषा जुळता कामा नये. तो खाली येत असेल तर तुम्ही त्याच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याच्या रेषेत उभे राहून वर जा. बाजूने किंवा पाठीमागून मारलंत तर आणखी सोपं. ‘क्रॉनिकल्स’ या अलीकडच्या आवृत्तीत तिरकं धावता येतं. तिथे तिरपी धडक द्यायची सवय लावा, मार लागणं जवळजवळ थांबतं.

बाहेर पडण्याआधी मिनिया गावात तलवार, ढाल आणि चिलखत घ्या. नुसतं विकत घेऊन भागत नाही, मेनूत जाऊन अंगावर चढवावं लागतं. पहिल्या पाच मिनिटांत मरणाऱ्यांपैकी निम्मे इथेच फसतात.

मोकळ्या मैदानात स्थिर उभं राहिलं की आयुष्य भरून येतं. गुहेत आणि इमारतीत तसं होत नाही, तिथे हील रिंग ही आयुष्य भरणारी अंगठी लागते. त्यामुळे गुहेच्या तोंडाशी थांबून पूर्ण भरून घ्या आणि मगच आत जा.

या गेममध्ये लेव्हल फक्त दहापर्यंत जाते, म्हणजे एकेक लेव्हल फार मोठी असते. खाणीतला वटवाघळांचा बॉस, वागुलियन, अनेकांना अशक्य वाटतो. त्याची वटवाघळं विखुरलेली असताना त्यांना मारून उपयोग नाही. ती एकत्र येऊन एक शरीर बनतात तेवढ्या क्षणातच वार लागतो. त्या क्षणीही आकडा शून्याच्या आसपास दिसत असेल तर तुमची लेव्हल कमी आहे. परत जाऊन एक लेव्हल चढवून या. इथे तेवढंच पुरतं.

डार्क फॅक्ट या शेवटच्या बॉसला फक्त चांदीची तलवार लागू पडते. तुमच्याकडची दुसरी तलवार कितीही भारी दिसली तरी तिचा वार फुकट जातो. शिवाय त्याला वार बसला की जमिनीचा एकेक तुकडा नाहीसा होतो. म्हणून मनाला येईल तिथे मारू नका. एका कडेला मारत मारत पुढे सरका आणि उरलेली जमीन जोडलेली राहील याची काळजी घ्या.

प्रश्न : फेल्घानात बॉसला एका वारात जेमतेम दोन-तीनचाच मार बसतो. खूप प्रयत्न झाले. हात जलद नाहीत म्हणून होत असेल का?

हातांना दोष देऊ नका, आधी आकडे बघा. या गेममध्ये मार साधारणपणे तुमची ताकद आणि शत्रूचा बचाव यांच्या फरकावर ठरतो. समजा शत्रूचा बचाव ९० आहे आणि तुमची ताकद १००, तर हाती १० उरतात. ताकद पाचनेच वाढली तर उरतात १५, म्हणजे मार दीडपट. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. तुमच्या बचावाच्या बाबतीतही तेच. एका लेव्हलमुळे बॉसचा प्राणघातक वार सुसह्य होतो.

म्हणून बॉसच्या दारात हे तीन तपास करा. पहिला, रेडमाँट गावातल्या लोहाराकडे रावाल खनिज देऊन हत्यार, चिलखत आणि ढाल वाढवली आहेत का? अनेक जण खनिज पुढच्या चांगल्या हत्यारासाठी साठवत बसतात. तसं करू नका, हाताशी आहे त्यात घाला. दुसरा, वाटेतली बंद पेटी राहिली आहे का? फेल्घानात चिलखतं बहुधा बॉसच्या अलीकडच्याच आडवाटेला ठेवलेली असतात. तिसरा, लेव्हल. एक लेव्हल हवी असेल तर शत्रूंना सलग मारत राहा, साखळी तुटू देऊ नका. साखळी जसजशी लांबते तसा अनुभव वाढत जाऊन १.९९ पटीपर्यंत पोचतो. सुट्या सुट्या लढायांपेक्षा एकाच दाट खोलीत दहा मिनिटं दिलेली जास्त फळतात.

हे तिन्ही झालं असेल तर लढाईकडे वळा. या गेममध्ये औषधं साठवून बॉससमोर वापरता येत नाहीत, त्यामुळे मार चुकवणं हाच उपचार. पहिल्या फेरीत वार करूच नका. नुसतं पळा, उडी मारा आणि बॉस कोणती हालचाल कोणत्या खुणेनंतर करतो ते पाहा. प्रत्येक बॉसकडे चार-पाचच हालचाली असतात. आयुष्य अर्ध्यावर आलं की एखादी नवी सुरू होते, तिच्यासाठी मन मोकळं ठेवा.

जादूच्या तीन कंकणांची कामं वेगळी आहेत, ती मिसळू नका. इग्निस लांबून आग फेकते, हवेत राहणाऱ्या बॉससाठी ती हवी. व्हेंटसची गिरकी उडी लांबवते आणि खाली आग पसरलेली असताना हवेतला वेळ वाढवते. टेरा धडक देऊन कमकुवत भिंती फोडते. बूस्टची, म्हणजे थोडा वेळ जास्त जोर देणारी, पट्टी भरली की लगेच उडवून टाकायचा मोह होतो. ती बॉस नव्या हालचाली सुरू करतो त्या टप्प्यासाठी ठेवा. बहुतेक पराभव तिथेच होतात.

प्रश्न : स्कायमध्ये ऑर्बमेंटची भानगड समजत नाही. महागडे क्वार्ट्झ बसवले तरी चांगल्या आर्ट मिळत नाहीत.

ऑर्बमेंट म्हणजे प्रत्येक पात्राजवळचं यंत्र, क्वार्ट्झ म्हणजे त्याच्या कप्प्यांत बसवायचे खडे. आर्ट म्हणजे इथली जादू, आणि ती एकेका क्वार्ट्झमध्ये भरलेली नसते. प्रत्येक क्वार्ट्झला पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, काल, अवकाश, मृगजळ या सात तत्त्वांपैकी काहींचे गुण असतात. एका ओळीतल्या सगळ्या क्वार्ट्झचे गुण एकत्र मोजले जातात आणि त्या बेरजेवर आर्ट उघडतात. बेरीज ओळीपुरतीच. दोन वेगळ्या ओळींतले गुण एकमेकांत मिळत नाहीत.

समजा एखाद्या आर्टला पाण्याचे ४ आणि अवकाशाचे २ लागतात. पाण्याचे ३ गुण एका ओळीत आणि १ दुसरीत असेल तर ती उघडणार नाही, मग क्वार्ट्झ कितीही महाग असू दे. म्हणून ज्याची ओळ एकच आणि लांब आहे, त्याला आर्टसाठी राखून ठेवा. पहिल्या भागात ऑलिव्हिए हा सोबती तसा आहे. ज्याच्या ओळी आखूड आणि अनेक आहेत, त्याला ताकद, वेग, आयुष्य वाढवणारे क्वार्ट्झ घाला आणि त्याच्याकडून तलवारीचं काम घ्या.

बसवायची पद्धत : आधी कोणती आर्ट हवी ते ठरवा, तिला कोणते गुण लागतात ते वहीत लिहा, मग तेवढे गुण देणारे क्वार्ट्झ एका ओळीत भरा. ‘या क्वार्ट्झने काय वाढतं’ हा विचार त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर सगळेच थोडे थोडे बलवान होतात आणि कुणीच कामाचा राहत नाही.

सेपिथ (लढायांतून मिळणारे स्फटिक) विकून मीरा (इथले पैसे) करायची घाई नको. मीरा बक्षिसांतून येत राहतात. सेपिथ मात्र नवे कप्पे उघडायला आणि क्वार्ट्झ करून घ्यायला लागतात. कप्पे आधी एस्टेल आणि जोशुआ या दोन मुख्य पात्रांचे उघडा, कारण पहिल्या भागात बाकीचे सोबती प्रकरणाप्रमाणे येतात आणि जातात.

‘इन्फर्मेशन’ हा क्वार्ट्झ सुरुवातीला कुणातरी एकाकडे कायम ठेवा. शत्रूचं कच्चं तत्त्व त्यानेच दिसतं. ते न बघता आर्ट फेकणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

प्रश्न : स्कायमध्ये बॉस एका फटक्यात सगळ्यांना झोपवतो. लेव्हल वाढवायला गेलो तर अनुभवच मिळत नाही.

अनुभव मुद्दामच आखडलेला आहे. तुमची लेव्हल त्या भागातल्या शत्रूंच्या पुढे गेली की मिळकत झपाट्याने घटते, आणि मागे असलात तर ती भराभर वाढते. गेमला तुम्ही ठरावीक लेव्हलच्या आसपासच हवे आहात. म्हणजे बॉस पाडायचं साधन लेव्हलमध्ये नाही, पाळीच्या पट्टीत आहे.

कडेला चेहऱ्यांची जी रांग दिसते ती वाचायला शिका. काही पाळ्यांवर खुणा असतात : ताकद वाढणं, आयुष्य भरणं, हमखास जबर वार. ही खूण ज्याच्या पाळीवर येते त्याला तिचा लाभ मिळतो, शत्रूलाही. बॉसच्या पाळीवर जबर वाराची खूण दिसली की लगेच हालचाल करायची.

इथे एस-ब्रेक कामाला येतो. क्राफ्ट म्हणजे पात्राची खास चाल, सीपी म्हणजे ती वापरायला लागणारे गुण, आणि एस-क्राफ्ट म्हणजे सगळ्यात जबर क्राफ्ट. कुणाकडे १०० सीपी असतील तर तो रांग मोडून मध्ये घुसतो आणि आपला एस-क्राफ्ट वापरतो. त्याची पाळी ज्या जागी लागते तिथली खूणही त्यालाच मिळते. म्हणजे एका चालीत बॉसचा जबर वार चुकवला आणि तो लाभ स्वतः घेतला. २०० सीपी असताना एस-क्राफ्टचा मार मोठा होतो, पण वापरल्यावर सीपी शून्य होतात. म्हणून सगळ्यांना एकदम रिकामं करू नका. एकाने १०० ठेवून पहारा द्यायचा, हे काम त्याचंच.

बचावासाठी अर्थ गार्ड आणि अर्थ वॉल या आर्ट. त्या एक हल्ला संपूर्ण गिळतात, हल्ला केवढाही असो. बॉस मोठी तयारी करताना दिसला की त्याआधी ही पडायला हवी. आर्टला तयारीचा वेळ लागतो, तो रांगेत दिसतो. बॉसच्या आधी आपली आर्ट पडते की नंतर, ते मोजूनच आज्ञा द्या. उलट बॉसच आर्टची तयारी करत असेल तर ती मोडणारा क्राफ्ट वापरा. काही क्राफ्टच्या वर्णनात तसं लिहिलेलं असतं. बहुतेकांनी ते वर्णन कधी उघडलेलं नसतं.

आणि चौघांना एका जागी गोळा ठेवू नका. मोठे हल्ले वर्तुळात पडतात. लढाई सुरू होताच पहिली चाल हलण्यात गेली तरी ती वाया जात नाही.

प्रश्न : स्कायमध्ये काही कामं नकळत राहून जातात. मार्गदर्शक पुस्तिका उघडी ठेवूनच खेळावं का?

पहिल्यांदा तरी नको. तुमची पात्रं ब्रेसर आहेत, म्हणजे गिल्ड या संघटनेमार्फत लोकांची कामं करणारी. काम राहिलं तर ब्रेसरचे गुण कमी मिळतात आणि बक्षीस जातं, कथा थांबत नाही. पण एक शिस्त पाळा. नव्या गावात पोचलात की आधी गिल्डचा फलक वाचा, आणि कथेचं पुढचं पाऊल टाकण्याआधी तोच फलक पुन्हा वाचा. फलकावर मुदत लिहिलेली असते. आखूड मुदतीचं काम त्याच फेरीत उरका.

काही कामं फलकावर येतच नाहीत. ती लोकांशी बोलूनच मिळतात. कथेत काही घडलं की गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं बोलणं बदलतं, आणि ही या मालिकेची जान आहे. दर प्रसंगानंतर एक फेरी मारा. ‘कार्नेलिया’ पुस्तकाचे भागही असेच विखुरलेले आहेत आणि शेवटी सगळे असतील तर उत्तम हत्यार मिळतं. एक भाग राहिला की गेलं. हे हत्यार हवंच असेल तर तेवढ्यापुरती पुस्तिका पाहायला हरकत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वेगळ्या कप्प्यात सेव्ह ठेवलीत तर परतही जाता येतं, आणि शेवटची सेव्ह दुसऱ्या भागात नेता येते.

प्रश्न : आठव्या ईसमध्ये मी फक्त अडोलच वापरतो. काही बिघडतं का?

हो, वेळ दुप्पट लागतो. अडोल कापतो, लॅक्सिया भोसकते, साहाद ठेचतो. मऊ अंगाला काप, उडणाऱ्याला भोसक, कवचवाल्याला ठेच, हा नियम. कवचवाल्यावर अडोलने मारत राहिलात तर आकडे हास्यास्पद लहान दिसतात. साहादने थोडे वार घालून कवच फुटलं की मग कुणीही मारलं तरी चालतं. नंतर येणारे हमेल, रिकोटा, डाना याच तीन प्रकारांत बसतात, म्हणून तिघांची टोळी करताना तिन्ही प्रकार हजर ठेवा.

फ्लॅश मूव्ह म्हणजे मार लागायच्या ऐन क्षणी बगल देणं. त्याने शत्रू काही वेळ संथ होतो. फ्लॅश गार्ड म्हणजे त्याच क्षणी अडवणं, त्यानंतर काही वेळ तुमचे वार जबर बसतात. दोन्ही एकाच वेळी शिकायला जाऊ नका. बगल आधी, कारण वेळ थोडी चुकली तरी तुम्ही जागेवरून हललेले असता.

स्किल वापरण्यात कंजूषी नको, ती वापरूनच वाढतात. एसपी (स्किलसाठी लागणारे गुण) संपले की क्षणभर थांबा, हत्यार चमकलं की वार करा. त्या एका वाराने पुष्कळ परत मिळतं. आणि वस्तीतल्या लोकांची कामं करत राहा. त्यांचा तुमच्यावरचा विश्वास कथेचा शेवट ठरवतो, आणि ते ऐन शेवटी कळून उपयोग नसतो.

प्रश्न : चौथा ईस म्हणून वेगवेगळे गेम सापडतात. खरा कोणता?

१९९३ मध्ये दोन निघाले, ‘मास्क ऑफ द सन’ आणि हडसन कंपनीचा ‘द डॉन ऑफ ईस’. दोन्ही फाल्कॉमने दिलेल्या आराखड्यावर बाहेरच्यांनी केलेले. फाल्कॉमने स्वतः केलेला चौथा म्हणजे ‘मेमरीज ऑफ सेल्सेटा’ (२०१२), आणि आता मालिका त्यालाच धरून पुढे जाते. नकाशा भरत जाण्याचा आनंद हवा असेल तर सेल्सेटा घ्या. ‘द डॉन ऑफ ईस’ संगीतासाठी ऐकावा असा आहे.

प्रश्न : ट्रेल्समध्ये वेग वाढवायचं बटण वापरणं चुकीचं आहे का?

नाही. चालणं आणि साध्या लढाया वेगात करा. संवाद आणि बॉस मात्र मूळ गतीने. वेगात पाळीची पट्टी वाचली जात नाही, आणि हरल्यावर कारण कळत नाही.

प्रश्न : या कंपनीच्या संगीताचं इतकं कौतुक का होतं?

पहिल्या दोन ईसचं संगीत युझो कोशिरो आणि मिएको इशिकावा यांच्या नावाशी जोडलेलं आहे. १९८७ मध्ये कोशिरो एकोणीस वर्षांचे होते. पीसी-८८०१ या कॉम्प्युटरच्या ध्वनिचिपवर एका वेळी मोजकेच आवाज निघत, त्यामुळे प्रत्येक आवाजाला काम होतं. चालीला भरगच्च साथ देता येत नसल्याने चालच पक्की असावी लागे. १९८९ मध्ये पीसी इंजिन या गेमयंत्राच्या सीडीवर हेच दोन गेम एकत्र आले, तेव्हा र्‍यो योनेमित्सु यांनी त्याच चाली खऱ्या वाद्यांच्या थाटात बांधल्या. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका. चाल कुठे उभी आहे ते कळतं. पुढे २००० च्या ‘ईस दोन इटर्नल’ची सुरुवातीची चित्रफीत माकोतो शिनकाई यांनी केली, ते तेव्हा फाल्कॉममध्ये नोकरीला होते. ती फीतही आवर्जून पाहावी अशी आहे.

प्रश्न : १९८५ चा झानाडू खेळताना मंदिरात लेव्हल वाढेनाशी झाली. गेम बिघडला का?

बिघडला नाही, तुमचं कर्म चढलं आहे. झानाडूतले काही राक्षस सज्जन आहेत. त्यांना मारलंत की कर्म वाढतं आणि मंदिर तुम्हाला दारातून परत पाठवतं. उपाय काळ्या औषधाचा. ते प्यायलं की आयुष्य निम्मं होतं आणि कर्म उतरतं. म्हणून ते भर लढाईत पिऊ नका, सुरक्षित जागी जाऊन मगच प्या.

दुसरं, या गेममध्ये राक्षस मोजके आहेत. एका थरातले संपले की संपले. प्रत्येक हत्याराचा सराव वेगळा मोजला जातो, त्यामुळे भारी तलवार हाती आली म्हणून जुनी लगेच टाकली तर नव्या तलवारीचा सराव शून्यापासून सुरू होतो, आणि सरावाला पुरेसे राक्षस उरलेले नसतात. नवी तलवार आली की आधी वरच्या थरातल्या उरलेल्या सोप्या राक्षसांवर तिचा हात बसवा, मग खाली उतरा.

हे फार कठोर वाटत असेल तर ‘झानाडू नेक्स्ट’ (२००५) घ्या. तिथेही हत्याराच्या सरावाला महत्त्व आहे, पण सराव पूर्ण झाला की त्या हत्याराचं स्किल दुसरं हत्यार हाती असतानाही वापरता येतं. फक्त चाव्या जपून वापरा, प्रत्येक खरेदीगणिक त्यांचा भाव चढतो.